पहिलं टोकन

लसीच्या रांगेत म्हातारी रोज सगळ्यांच्या आधी हजर. सहाला खिडकी उघडली की पहिलं टोकन तिचं, आणि ते हातात पडलं की बाई फाटकाबाहेर पसार! बारा दिवस हा प्रकार बघून कारकुनाने ताडलं, आजी सुईला घाबरतात. तेराव्या दिवशी तो खिडकी सोडून तिच्या मागे धावला.

"आजी, आज पळायचं नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स. चला, मी हात धरतो."

"मला काय शिकवतोस? मी पहिल्याच आठवड्यात टोचून घेतलंय."

"मग रोजचं टोकन जातं कुठे?"

"समोरच्या लाँड्रीत. तुमच्या दवाखान्याच्या चादरी धुतात ना, त्या बायकांकडे. त्यांची पाळी सुटते आठला, आणि तुझी चाळीस टोकनं सातलाच संपतात. तीस वर्षं मीही तिथेच होते."

कारकून वरमला, पण नियम सोडवेना. "जो रांगेत उभा राहील, त्यालाच टोकन मिळतं, आजी."

"मग मी काय रांगेत झोपले होते?"

"उद्यापासून तुम्हाला देणार नाही."

"नको देऊस. रोज दहा टोकनं आठपर्यंत बाजूला ठेव, मी फिरकणारसुद्धा नाही. मला काही पहाटे उठायची हौस नाही." म्हातारीने टोकन कमरेला खोचलं. "नाही ठेवलीस, तर उद्या आम्ही रिटायर झालेल्या अकराही जणी येतो, तोंडाला मास्क लावून. मग बस ओळखत, कुणाची लस झालीय ते!"