पहिली ओळ

तानसा तलावाकाठच्या आपल्या पाड्याच्या पाणीटंचाईवर वैष्णवीनं ब्लॉगवर तीन लेख टाकले, पण त्यांना काळं कुत्रं विचारीना. "आकडे कशाला देता? एका माणसाचं लिहा," असं कुणीसं खाली लिहून गेलं, तेव्हा ती आईला खोदून खोदून विचारू लागली.

"माजं काय लिवतेस गो? पाण्याचं लिव," मैना वैतागली.

"पाण्याचं कोण वाचत नाय, आये. तुजं वाचतील."

शहापूरच्या सायबर कॅफेत बसून तिनं पहिली ओळ कितीदा तरी खोडली आणि शेवटी लिहिलं : 'भर दुपारी विहिरीवर चिटपाखरू नसतं, तेव्हा माझी आई दोर धरून तळाशी उतरते आणि वाटीवाटीनं झरा कळशीत भरते.'

लेख ईमेलवरून हां हां म्हणता फिरला. एका पेपरनं उचलला, वरून फोन फिरले, आणि त्या उन्हाळ्यातला पहिला टँकर एका भर दुपारी, कुणाला न सांगता, विहिरीपाशी येऊन थांबला. ड्रायव्हरला पुढचं गाव गाठायची घाई होती. त्यानं जाडजूड पाइप विहिरीत सोडला आणि कॉक उघडला.

मैनाचा निष्प्राण देह वर काढला तेव्हा ड्रायव्हर टँकरच्या चाकाशी उकिडवा बसला होता. "खाली कोन असंल, ह्ये कोनी सांगितलंच नाय," एवढंच परत परत म्हणत होता.

वैष्णवीनं तर ते पहिल्याच ओळीत सगळ्या जगाला सांगितलं होतं.