फुरूची जागा

"कुत्रा किंवा मांजर," काउंटरवरचा पोरगा म्हणाला. "तिसरा प्राणी केबिनमध्ये चालत नाही, आजोबा."

फाउस्तिनोने टोपलीवरचं फडकं जरा वर उचललं. आत गवतावर एक तांबूस कुय बसला होता. हातात मावेल एवढा गिनीपिग, गळ्यात लाल लोकरीचा दोरा.

"लहान आहे हो. मांजराच्या निम्मासुद्धा नाही."

"मापाचा प्रश्न नाही. नियम आहे."

"मग खाली, सामानात?"

"तिथे कुठलंच जनावर घेत नाही आम्ही. थंडीने मरतात."

मागे काळा चष्मा लावलेली एक बाई उभी होती. तिच्या काखेत स्वेटर घातलेली पांढरी कुत्री होती. "माझी लुलू चालते, मग हा का नाही?"

"उद्या लोक उंटाएवढा लामा आणतील!" तिच्या मागचा गृहस्थ भडकला. "मला केसांनी शिंका येतात. लीमापर्यंत शिंकत बसू का?"

"आणि तुम्ही घोरलात तर? तुम्हाला कोण सामानात टाकतं?"

रांग हसली. शेजारच्या काउंटरवर एका विद्यार्थ्याने पुडकं ठेवलं. काय आहे म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, "कुय. भावासाठी. आईने भाजून दिलाय."

"भाजलेला ना? जा."

"त्याने मला शिंका येत नाहीत," गृहस्थ म्हणाला, आणि रांग पुन्हा हसली.

फाउस्तिनो हसला नाही. त्याच्याजवळ बासिलिया पावांची पिशवी धरून उभी होती. ती त्याच्या नातीची, सुलेमाची, धर्ममाता; त्या नात्याने दोघं एकमेकांना कोमाद्रे, कोम्पाद्रे म्हणत. विमानतळासमोरच्या गल्लीत तिची पावाची भट्टी होती, आणि काल रात्री तो तिच्याकडेच उतरला होता.

सुलेमा सात वर्षांची. डोंगरातली बस दरीत गेली तेव्हा तिचे आईवडील जागीच गेले आणि तिला लीमाच्या इस्पितळात हलवलं. हाडं जुळली. पण तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. अशी पोरं हळूहळू विझत जातात, असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. घरातलं तिचं काही असेल तर आणा. जिवंत असेल तर फारच चांगलं.

तिचं जिवंत असं घरात एकच उरलं होतं.

हे त्याने बासिलियाला सांगितलं नव्हतं. त्याच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी वीसेक कुय हिंडत. ते सणाला कापायचे. त्यातल्या एकाला पोरगी उशाशी घेऊन झोपते आणि आजोबा त्याला विमानाने घेऊन निघालाय, हे कळलं असतं तर गावभर हसू झालं असतं. तो एवढंच म्हणाला होता, "सुलेमाला पोचवायचाय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"बारीक झाली असेल ना पोर?" बासिलियाने विचारलं होतं.

"फार."

आता पहारेकरी जवळ आला. "साहेबांना भेटायचं तर वर जा. पण जनावर आत नाही न्यायचं."

"आणा इकडे," बासिलियाने टोपली घेतली. "मी घरी नेते. तुम्ही बोलून या."

"कोमाद्रे, काहीही झालं तरी आजच्या विमानाने हा गेला पाहिजे. माझं दुसरं कोणी नाही आता."

"जाईल हो, कोम्पाद्रे. मी आहे ना."

वर साहेब नव्हते, साहेबीण होती. मारितसा नावाची, चष्मा कपाळावर चढवलेली. तिने त्याला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं. मग आत बोलावून तिनेही तोच नियम ऐकवला. फाउस्तिनो टोपी हातात चुरगाळत उभा राहिला, हलला नाही.

"नाव काय?" तिने शेवटी विचारलं.

"फाउस्तिनो."

"तुमचं नाही. त्याचं."

त्याचे कान तापले. आजवर हे नाव त्याने परक्यासमोर उच्चारलं नव्हतं.

"फुरू. म्हणजे आमच्या भाषेत पक्ष्याचं पीस. नातीने ठेवलंय. दोराही तिनेच विणलाय." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "बसमध्ये चढताना ती एवढंच म्हणाली, आजोबा, फुरूला गवत घाला. त्यानंतर बोललीच नाही, बाई. हा गेला नाही तर ती राहणार नाही."

मारितसा हसली नाही. तिने इस्पितळात फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंशी बोलली. मग लीमाच्या कचेरीत लावला. तिथे कोणीतरी लामाचंच उदाहरण देत होतं. ती चिडली, शांत झाली, पुन्हा चिडली. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीला लागलं.

"समोरच्या सीटखाली," फोन ठेवत ती म्हणाली. "टोपलीला झाकण हवं. आणि ती बोलली की मला कळवायचं." तिने कागदावर सही करून शिक्का मारला.

फाउस्तिनो जिना जवळजवळ उडतच उतरला. लुलूवाली बाई खाली बाकावर विमानाची वाट बघत होती. त्याने तिला कागद दाखवला. तिने लुलूचा पंजा धरून हलवला. आणि त्या क्षणी त्याला वाटलं, सुलेमा आता भिंतीकडून तोंड फिरवेल. फुरू तिच्या गळ्याशी शिरेल, आणि ती काहीतरी म्हणेल. काहीही.

बासिलिया रस्ता ओलांडून धावतच येत होती. कपाळावर घाम, हातांना काजळी, छातीशी शालीत गुंडाळलेलं गाठोडं.

"मिळाली परवानगी, कोमाद्रे!" त्याने कागद उंच धरला.

"आता कसली परवानगी!" ती हसली आणि गाठोडं त्याच्या हातांवर ठेवलं. ते गरम होतं. "त्या विद्यार्थ्याचं पुडकं कसं सोडलं, पाहिलंत ना? असा कोणी अडवत नाही. खाली बटाटे घातलेत, पोरीला आवडतात." मग तिने मूठ उघडली. "हा दोरा तेवढा जळाला असता, म्हणून आधीच सोडून ठेवला."