उजवं बटण मांजराचं

कबुतरानं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं आणि चोचीनं टक्कन उजवं बटण दाबलं. उजवं म्हणजे मांजर.

पडद्यावर कुत्रं होतं. तेही ऐरंगैरं नव्हे, खुद्द परीक्षकांच्या घरचं.

"हे मांजर?" परीक्षकांनी विचारलं. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. "आमचं बाळ मांजर आहे?"

संशोधक मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मांजराचं चित्र दिसलं की उजवं बटण, कुत्र्याचं दिसलं की डावं, उत्तर बरोबर आलं की दाणे, असं तीन वर्षं ती या पठ्ठ्याला शिकवत आली होती. शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर यायची. पक्ष्याच्या डोक्यात मांजर ही कल्पना तयार होते, असं तिनं दोनशे पानांच्या प्रबंधात छातीठोकपणे लिहूनही टाकलं होतं. आज परीक्षकांची सही झाली की ती डॉक्टर, नाही झाली तर तीन वर्षं पाण्यात. आणि नेमकी आजच या भल्या गृहस्थांना आपल्या मोबाइलमधले फोटो दाखवायची हौस आली.

दुसरा फोटो लावला. पुन्हा उजवं बटण, मांजर. तिसऱ्यात बाळानं लोकरीचा स्वेटर घातला होता. तेही मांजर.

"पक्षी दमला असेल," विभागप्रमुख आपल्या गादीच्या खुर्चीतून म्हणाले.

"दमलेला अडखळतो हो. हा ठणकावून सांगतोय," परीक्षक म्हणाले.

पिंजरे साफ करणाऱ्या मावशी बादली घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांना राहवेना.

"त्याला खाली बसवा की."

"कोणाला?"

"कुत्र्याला. तिन्ही फोटोंत सोफ्यावर पसरलंय. आपली मांजरं सगळी गादीवर लोळणारी आणि कुत्री सगळी मातीतली. हा बाबा जनावर कुठं बघतो? कशावर बसलंय ते बघतो आणि बटण दाबतो."

"मावशी!" मुलगी जवळजवळ ओरडलीच. "हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तीन वर्षं झाली. मला वाटलं, तुम्ही तेच शिकवताय."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. मांजरांचे फोटो तिनं आत्याच्या घरी काढले होते, आणि आत्याच्या मांजरांनी जन्मात जमिनीला पाठ लावली नव्हती. कुत्री मात्र सगळी येता-जाता रस्त्यात टिपलेली. इतकी साधी गोष्ट, आणि आपल्याला दिसू नये? तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. पण खुळ्या कबुतरानं आपल्याला खुळं ठरवलं, याचं हसूही यायला लागलं.

"सिद्ध करा," परीक्षक म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर. मग सहीचं बघू."

"सर, बाळाचा जमिनीवर बसलेला एखादा फोटो?"

"आमचं बाळ जमिनीवर बसत नाही," परीक्षक अभिमानानं म्हणाले.

मग दुसरा कुणीतरी जीव हवा, जो खालीही बसेल आणि वरही. मुलीची नजर फिरत फिरत मावशींवर आली आणि संकोचून खाली वळली.

"अगं, लाजतेस काय! कुत्रं व्हायचंय ना? काढ फोटो." मावशींनी बादली बाजूला सारली आणि फरशीवर फतकल मारली.

फोटो पडद्यावर गेला. कबुतरानं डावं बटण दाबलं. कुत्रं.

"आता वर," मुलगी म्हणाली, आणि विभागप्रमुखांकडे पाहत राहिली. बाकी सगळी लाकडी स्टुलं होती.

"स्टुलावर भागणार नाही का?"

"गादी हवी, सर."

दाढ उपटून घ्यायला निघाल्यासारखे विभागप्रमुख उठले. मावशी आधी खुर्चीच्या कडेला टेकल्या, मग सरकत सरकत पार मागे रेलल्या. "मऊ आहे हो," त्या म्हणाल्या. फोटो गेला. उजवं बटण. मांजर.

मुलीनं टाळी वाजवली. परीक्षक मात्र हलले नाहीत.

"एकावरून काही ठरत नाही. आणखी एक माणूस हवा." त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं.

"माझे गुडघे..."

"विज्ञानासाठी हो."

टेबलाला धरून, भिंतीला धरून, शेवटी कशालाच न धरता विभागप्रमुख फरशीवर आदळले. मुलीनं घाईघाईनं फोटो काढला. कबुतरानं क्षणभरही विचार केला नाही. डावं बटण.

परीक्षकांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "प्रबंधाचं नाव बदला, शेवटची दोन प्रकरणं नव्यानं लिहा," असं म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही ठोकली. मुलीचा त्या सहीवर विश्वासच बसेना. तिनं कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला, आणि मग मात्र रडू आवरलं नाही. मावशींनी खुर्चीत बसल्या बसल्याच तिला जवळ ओढलं आणि तिची पाठ थोपटली.

विभागप्रमुख उठायला कुणाचा हात मिळतोय का ते बघत होते. तेवढ्यात दार ढकलून कँटीनचा माणूस आत आला. आजच कामावर लागलेला, इथलं कुणीच ओळखीचं नाही. हातातल्या ट्रेमध्ये चहाच्या तीन कपबश्या होत्या आणि एक कागदी ग्लास.

त्यानं खोलीवरून एकदा नजर फिरवली, सरळ मावशींसमोर जाऊन अदबीनं वाकला आणि म्हणाला, "घ्या, मॅडम."

दुसरा कप परीक्षकांना दिला, तिसरा मुलीला. उरलेला कागदी ग्लास त्यानं विभागप्रमुखांच्या गुडघ्याशी, फरशीवर ठेवला.