शेवटचं सामान

लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर हटून बसलं होतं. हमालानं खालची कड धरली, गुडघे वाकवले. वरून त्याच्या थोरल्या भावानं नेहमीसारखं मोजलं, "एक, दोन..." तीन ते कधी म्हणतच नसत, तोवर पोटातून श्वास सुटायचा आणि वजन उचललं जायचं. कपाट निमूटपणे वळलं आणि खाली गेलं.

दारात उभ्या बाई हे बघत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सगळी हयात वाद्यवृंदात बॅसून हे लांब नळीचं, फुंकून वाजवायचं वाद्य वाजवण्यात गेलेली. आज त्या मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, लांबच्या गावी, कायमच्या.

हमाल परत वर आला तेव्हा खोलीत एक खुर्ची आणि बॅसूनची काळी पेटी एवढंच उरलं होतं. त्यानं पेटीला हात घातला.

"ती गाडीत नाही चढवायची," बाई म्हणाल्या. "ती तुझी."

तो गोरामोरा झाला. तीन वर्षं दर रविवारी तो इथं शिकायला येत होता. ओझी वाहणाऱ्या हातांत बाईंनी स्वतःचं वाद्य दिलं होतं, आणि याबद्दल आभार मानायला त्याच्याकडे शब्द नव्हते. निदान राहिलेला एक सूर तरी त्यांना वाजवून दाखवता यायला हवा होता. खालचे सूर झकास लागायचे. वरचा तेवढा एक काही केल्या दाद देत नव्हता.

"नको बाई. तो सूर अजून लागलेला नाही. कोणत्या तोंडानं नेऊ?"

"तोंडाचंच तर दुखणं आहे तुझं. रीडची ती पातळ पट्टी ओठांत इतकी आवळतोस, बिचारीचा जीव जातो. बस, वाजव."

तो खुर्चीत बसला. वाद्य जोडलं, रीड ओठांत धरली, फुंकलं. चिरका आवाज निघाला. दाराशी भावानं कपाळावर हात मारून घेतला.

"मघाशी कपाट काय ओठांनी उचललंस?" बाई म्हणाल्या. "ओठ सैल सोड. पोटानं उचल. एक, दोन..."

सूर लागला. बारीक, गोल, जराही न थरथरता. रिकामी खोली भरून गेली. हमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण श्वास संपेपर्यंत त्यानं सूर सोडला नाही.

"बाई, तुमचे उपकार..."

"पुरे. माझ्यासमोर लागला, भरून पावले. चला, आता मी मोकळी."

हमालानं वाद्य पेटीत भरलं, पेटी उचलली. भाऊ खुर्ची घेऊन खाली गेला. बाई उंबरठ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मागं वळून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला. पाऊल काही उचलेना.

हमालानं पेटी अलगद खाली ठेवली. त्यांच्या कोपराखाली हात दिला आणि हळूच म्हणाला, "एक, दोन..."