वाल्तेरची घोंगडी

डोंगरमाथ्यावरच्या तुरुंगाच्या दारात, सोन्याचा दात बसवलेल्या शिपायाने नेल्माच्या तीन महिन्यांच्या लेकीचा लंगोट सोडला आणि आत काही लपवलंय का म्हणून बोटं फिरवून पाहिली. नेल्माने लेकीला ओढून छातीशी धरलं.

“आज भेट नाही. परदेशातले तपासणीवाले यायचेत.”

“दादा, एवढी घोंगडी तरी पोचवा माझ्या नवऱ्याला. नाव वाल्तेर, आडनाव मामानी. नुसत्या फरशीवर झोपून खोकला लागलाय त्याला.”

आधी दोनदा ‘नियमात बसत नाही’ म्हणून परत केलेली ती अल्पाकाच्या लोकरीची घोंगडी आज त्याने मुकाट्याने ठेवून घेतली.

संध्याकाळी मोबाइलवर तुरुंगखात्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक कैद्याला खाट आणि उबदार पांघरूण.’

“एउसेबियामावशी, पोचली हो! ही बघा, माझीच वीण!” नेल्मा शेजारणीकडे धावली.

“अगं वेडे, घोंगडी काय बघत बसलीस? नवऱ्याचं तोंड बघ, किती वाळलाय ते तरी कळेल!”

नेल्माने दोन बोटांनी फोटो मोठा केला.



खाटेवर, कैद्याच्या कपड्यांत, तिची घोंगडी गळ्यापर्यंत ओढून, तो सोन्याचा दात हसत होता.