फुकेतचा हट्ट

दोन हजार चारच्या नाताळात, ऑफिसच्या कामासाठी बँकॉकला गेलेल्या हृषिकेशला चार दिवस मोकळे मिळाले. त्याला लाओसची चिमुकली राजधानी व्हिएन्तियान बघायची होती. पण सुनेच्या बाळंतपणासाठी जर्मनीत, त्याच्या गेर्लिंगेनच्या घरी आलेल्या सरलाबाईंनी फोनवर हट्टच धरला, "स्तूप कसले बघतोस? फुकेतला जा, समुद्रावर जरा आराम कर."

"बरं, आई," तो म्हणाला. आईचा शब्द त्यानं कधीच मोडला नव्हता. बायकोची, सुकन्याची, तर तीच तक्रार असायची.

सव्वीस डिसेंबरला टीव्हीवर त्सुनामीनं उद्ध्वस्त केलेलं फुकेत दिसलं. दोन दिवस हृषिकेशचा मोबाइल लागत नव्हता. वाचलेल्यांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव नव्हतं. सुकन्या पोटावर हात ठेवून फोनजवळ बसून होती, आणि तिच्याकडे बघायची सरलाबाईंना हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. सरलाबाईंनीच तो उचलला.

"आई, रागावू नकोस हं. तुला फुकेत सांगितलं, पण मी व्हिएन्तियानलाच आलोय. इथे मोबाइल चालत नाही, म्हणून..."

सरलाबाई रिसीव्हर हातात धरूनच ओरडल्या,



"सुकन्या, अगं, त्यानं माझं ऐकलं नाही गं!"