सेटमधलं शेवटचं कार्ड

जर्मन मूकपटांच्या जाहिरातीची जुनी कार्डं मी गोळा करतो, तीही फक्त गुन्हेगारीपटांची. ट्रॉयच्या आमच्या मराठी मंडळात या वेडाला न हसणारा एकच माणूस, माझा मित्र हेमचंद्र. शनिवारी सकाळी तो ड्राइव्ह करत शिकागोला निघाला, तेव्हा जाता जाता माझ्या सेटमधलं शेवटचं कार्ड त्यानंच आणून दिलं.

"फ्ली मार्केटमध्ये मिळालं यार. निवांत बघ," म्हणाला.

जेवण झाल्यावर मी भिंग घेऊन टेबलाशी बसलो. कार्डावरही एक माणूस टेबलाशी पाठमोरा बसलेला होता. त्याच्या मागे एक बाई दाराची कडी आतून हळूच काढत होती. आणि उंबऱ्याशी कोल्हापुरी चपला होत्या.

मला हसूच फुटलं. "मृणालिनी, बघ तरी! जर्मन खुनी चपला काढून घरात शिरतोय!"

बायकोनं माझ्या खांद्यावरून पाहिलं. ती हसली नाही.

"हेमचंद्र भावोजींनी छान शोधलं. तुम्ही बसा बघत, मी चहा टाकते."

मी भिंग आणखी जवळ नेलं. डाव्या चपलेच्या अंगठ्याला लाल दोरा गुंडाळलेला होता. मंडळाच्या पिकनिकला हेमचंद्रची चप्पल तुटली, तेव्हा तो दोरा मीच गुंडाळून दिला होता.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज येईना. माझ्या पाठीमागे लॅच सरकला. कुणीतरी नेहमीच्या सवयीनं, एकेक करून, चपला काढल्या.

मग मृणालिनीचा दबका आवाज आला.

"ये. अजून कार्डच बघतायत."